धुतलेल्या मोज्यांचा रिपोर्ट

"मॅडम, आदी आंघोळ करा."

अनोळखी पुरुषाने पहिल्याच भेटीत असं फर्मावल्यावर कुठल्या मुलीचं डोकं ठिकाणावर राहील? ज्ञानदाने हेल्मेट काढलं, ओल्या बटा कानामागे सारल्या आणि अशी काही नजर टाकली की तो गडी दोन पावलं मागे सरला. फाटक मात्र त्याने उघडलं नाही.

२००७ सालचा आषाढ होता. पौडच्या पुढे धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाऊस नुसता कोसळत होता. ज्ञानदा मूळची अकोल्याची, राहायला सूसला भाड्याच्या खोलीत आणि नोकरीला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत. पोल्ट्रीच्या शेडमध्ये जायचं, नमुने आणायचे आणि त्यांत साल्मोनेलाचे जंतू आहेत का ते शोधायचं, हे तिचं काम. हा भाग खरं तर तिचा नव्हताच. तिचा सहकारी अमोघ तापाने फणफणला, म्हणून ती स्कूटी दामटत आली होती.

"मी लॅबमधून आलेय," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"ते कळलं. सकाळधरनं किती शेडं केली?"

"दोन."

"मग तितलं जंतू तुमच्या कपड्यावर बसून हितवर आलं असतील की. न्हाणीत ऊन पाणी हाय, धुतलेला झगा हाय. आंघोळ केल्याबिगर माझ्या कोंबड्यास्नी भेटायचं न्हाई."

पंचाईत अशी, की त्याचं बरोबर होतं. हा नियम तिच्याच लॅबच्या पुस्तिकेत छापलेला होता, आणि दोन वर्षांत तो पाळणारा हा पहिलाच भेटला होता. ती पुटपुटत न्हाणीत गेली. बाहेर आली तेव्हा त्या झग्यात आणखी एक ज्ञानदा सहज मावली असती. तो ओठ चावत उभा होता.

"हसा, हसा. दाबून ठेवू नका, पोट दुखेल."

"हसत न्हाई. बरा दिसतुया..."

"झगा?"

"व्हय... झगाच म्हणलं मी." आणि गडी कानापर्यंत लाल झाला. ज्ञानदाचा राग कुठल्या कुठे पळाला.

त्याचं नाव विलास. दोन हजार कोंबड्या होत्या. त्यांची अंडी हॅचरीत जायची आणि तिथे पिल्लं निघायची. आईतले जंतू पिल्लांत उतरतात, म्हणून हॅचरीला दर महिन्याला लॅबचा रिपोर्ट लागायचा. आजूबाजूची जमीन एकेक करून रिसॉर्टवाल्यांकडे चालली होती. विलासच्या भिवाजीकाकांनी सरळच सांगून टाकलं होतं, औंदा हॅचरीनं अंडी नाकारली की शेड पाडायचं आणि जागा इकायची. विलासने हे हसत सांगितलं, पण त्याचा हात शेजारच्या कोंबडीच्या पाठीवरून फिरत राहिला.

नमुना घ्यायची रीत सोपी. बुटांवर सुती मोजे चढवायचे, शेडभर अंथरलेल्या भाताच्या तुसावरून चालायचं आणि ते मळके मोजे पिशवीत बंद करून लॅबला न्यायचे. पुढे दरड कोसळून रस्ता सारखा बंद पडायला लागला, तेव्हा सुलक्षणामॅडमनी, म्हणजे ज्ञानदाच्या साहेबांनी, परवानगी दिली: पावसाळाभर विलासनेच मोजे घालून चालावं आणि दुधाच्या गाडीने पिशवी पाठवावी.

आणि मग सुरू झाले फोन! विलासच्या मोबाइलला रेंज यायची ती फक्त शेडमागच्या टेकाडावर. भर पावसात छत्री धरून हा तिथे उभा.

"मोजं पोचलं का?"

"कालच सांगितलं ना, पोचले म्हणून."

"व्हय की... आज बी हायेत ना तितंच?"

"नाही, फिरायला गेलेत," ज्ञानदा म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ एकटीच हसत बसायची. दुपारचे चार वाजले की तिची नजर आपोआप फोनकडे वळायला लागली होती. आता हे जंतूंच्या काळजीने होत होतं, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही.

असे दोन महिने गेले. एके दिवशी सुलक्षणामॅडमनी दोन्ही महिन्यांचे रिपोर्ट तिच्यासमोर ठेवले.

"हे वाचलंस? साल्मोनेला नाही, ठीक. पण साधा एक जंतूसुद्धा नाही! अगं, ऑपरेशन थिएटरमध्ये एवढं स्वच्छ नसतं. हा मुलगा कोरे मोजे पाठवतोय. मी हॅचरीला कळवणार आहे."

ज्ञानदाने दोन्ही रिपोर्ट पुन्हा वाचले. "मला एकदा जाऊन येऊ द्या," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

रस्ता खुला झाला होता. सबंध वाटेत ती स्वतःवरच चिडत होती. आपण रोज चार वाजता वाट पाहत होतो, आणि हा आपल्याला उल्लू बनवत होता? विलास अंगणातच होता. तिला पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की तिला आणखीच राग आला.

"शेडमध्ये न जाताच मोजे पाठवलेत ना? खरं सांगा."

त्याचं हसू विरलं. "मी? मॅडम, तुमाला आंघोळीबिगर आत सोडलं न्हाई मी. अन् मीच फसवीन व्हय?"

"मग मोज्यांवर एकही जंतू का नाही?"

"कसा आसंल?" ओसरीवरून आवाज आला. विलासची आई, सगुणाबाई, तांदूळ पाखडत बसली होती. "दोन-दोनदा साबण लावला मी. चुलीवर वाळवलं, घडी घातली, मग पिशवीत टाकलं."

दोघंही तिच्याकडे वळले.

"आये!" विलासने कपाळावर हात मारला. "मोजं धुतलंस तू?"

"मग? परक्याची शिकलीसवरली पोर, तिला कोंबडीच्या घाणीचं मोजं धाडायचं? आपल्या घराला काय म्हणंल ती! कदी न्हाई ते पोरगं कुणासाटी यवढं टेकाडावर चढतंय, तर म्हणलं निदान मोजं तरी नीट जाऊ देत."

विलास ओसरीच्या तुळईकडे बघायला लागला. ज्ञानदाला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसत्या हसण्याचं नव्हतं. आपण याच्यावर आळ घेतला याची तिला लाज वाटत होती, आणि तो खोटा निघाला म्हणून आनंद इतका झाला होता की कुठे ठेवू असं झालं.

"चुकले मी," ती म्हणाली. "बोलायला नको होतं तसं."

"बोला की. फोनवर गोड बोलता, समोर जरा तिखट... चालतंय."

त्या दिवशी आंघोळ करून, झगा घालून तिने स्वतः शेडभर चालून नमुने घेतले. खरी परीक्षा आता होती. दोन महिने शेडमध्ये काय वाढतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साल्मोनेला निघाला, तर कोंबड्याही गेल्या आणि शेडही गेलं.

रिपोर्टला पाच दिवस लागतात. ज्ञानदाचे ते पाच दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. तिसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत तिला साल्मोनेलाचा असतो तसा एक काळसर ठिपका दिसला आणि मनात पहिला विचार आला, हा नसूच दे. मग दुसरा आला, हा दिसलाच नाही असं म्हटलं तर? असा विचार तिने आयुष्यात कधी केला नव्हता. ती उठली, सगळ्या बशा सुलक्षणामॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, "हे तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिलेला नाही."

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती फाटकाशी पोचली. फोन करता आला असता, पण तिला त्याचा चेहरा बघायचा होता.

"साधे जंतू भरपूर आहेत, शेडमध्ये असतात तसे," ती म्हणाली. "एक ठिपका बघून मी घाबरले होते, तोही त्यांच्यातलाच निघाला. साल्मोनेला नाही. मॅडमनी स्वतः तपासलंय. हॅचरीला रिपोर्ट गेला."

विलास मटकन फाटकाच्या दगडावर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं, मग हसला, मग पुन्हा पुसलं. "आये! शेड ऱ्हातंय आपलं!" तो घराकडे तोंड करून ओरडला.

"आणखी एक," ज्ञानदा म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून अमोघ येईल. मी नाही."

त्याचा चेहरा पडला. "अजून इस्वास न्हाई व्हय माझ्यावर?"

"माझ्यावर नाही," ती हळूच म्हणाली. "तुमच्या शेडचा रिपोर्ट चांगलाच यावा असं मला वाटायला लागलंय. अशा माणसाने तपासणी करायची नसते. फार्मच्या मालकाशी नातं किंवा निकटचा संबंध असेल, तर तसं लिहून द्यावं लागतं आमच्यात. काल दिलं मी."

पावसाची बारीक सर आली. दोघांनाही सुचलं नाही आडोशाला जायचं.

"मग... काय लिवलं?" विलासने विचारलं. "नातं, का ते दुसरं?"

"सध्या दुसरं." ज्ञानदाने मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. "पहिल्यासाठी तुमच्या आईंना अकोल्याला यावं लागेल."

विलास उभा राहिला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी ओसरीवरूनच सगुणाबाईंचा आवाज आला.

"आरं, इचार की तिला, अकोल्याची गाडी कितीला सुटती!"