मैना कुणाकडं बघते?

"ती बघ, परत मागं बघून राह्यली," छकुली कुजबुजली.

तिघं तबेल्यामागच्या बाभळीखाली दडून बसली होती. तृप्ती आणि तिचा धाकटा भाऊ अंगद उन्हाळ्याच्या सुट्टीत जालन्याहून कुंभार पिंपळगावला मामाकडं आले होते. छकुली मामाची मुलगी. गावाबाहेरच्या त्या वाळवट रानात भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. शर्यतीची घोडी मैना मान वळवून स्वतःच्या कुशीजवळच्या रिकाम्या जागेकडं एकटक बघत होती. मग तिनं पुढच्या पायानं जमीन उकरली.

"तिथं सुलतान उभा राहतो," छकुली म्हणाली. "मरायच्या आधी तो बी असाच बघायचा. आता हिला बोलवून राह्यला."

सुलतान हा मामाचा आधीचा घोडा. होळीच्या सुमारास तो लोळून लोळून मेला. तेव्हापासून त्याच्या गव्हाणीला कुणी हात लावत नव्हतं. सुग्रीवमामा मैनाचा चारा आणि हरभरा बाहेर भुईवरच टाकायचे.

तेवढ्यात आवाज आला. करकर, करकर. दगडावर दगड घासल्यासारखा. अंगदनं बहिणीचा हात घट्ट धरला. "ताई, चल इथून."

तृप्तीलाही पळावंसं वाटत होतं. पण तिला मैनाचा जबडा हलताना दिसला. "थांब. ती हरभरे चावतेय. भिजवलेले हरभरे असे वाजतात का?"

एवढ्यात मैना धाडकन खाली बसली आणि लोळू लागली. आवाजानं मामा धावत आले. घोडीकडं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सुलतानसारखंच," ते पुटपुटले. "ह्या जागेलाच काहीतरी हाये. मी देवऋषीला घेऊन येतो. तवर कुणी जवळ जायचं न्हाई." त्यांची मोटारसायकल धूळ उडवत गेली.

थोड्या वेळानं मैना थरथरत उभी राहिली. तृप्तीनं जाऊन उरलेले हरभरे उचलले. बोटांना वाळू लागली.

"शाळेत गढूळ पाणी निवळायला ठेवलं होतं, तसं लिदीचं करू. वाळू पोटात गेली असेल, तर तळाला बसेल," अंगद म्हणाला. त्यानं बादलीभर पाण्यात मैनाची लीद कालवली. तिघं वाट बघत बसली. पाणी हलक्या हातानं ओतलं, तर तळाला बोटभर वाळू.

छकुली बराच वेळ बादलीत बघत राहिली. "भूत काय वाळू खाऊ घालत न्हाई," ती म्हणाली आणि घराकडं पळाली. तिनं आईच्या मोबाइलवरून जनावरांच्या डॉक्टर प्रभावतीबाईंना सगळं सांगितलं.

ती निरोप घेऊन परत आली. "खायला काही द्यायचं न्हाई. उभी असली तर हळू चालवा. लोळायला लागली की लांब व्हा."

तृप्तीनं दोर धरला. सुलतान जिथं मेला होता, तिथूनच मैनाला न्यावं लागत होतं. प्रत्येक फेरीला तिच्या अंगावर काटा येत होता, पण तिनं दोर सोडला नाही.

डॉक्टरांनी आल्या आल्या मैनाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि तो छकुलीच्या कानाला लावला. आत सुपात धान्य पाखडावं तसा आवाज येत होता. डॉक्टरांनी मैनाला इंजेक्शन दिलं. नाकातून नळी घालून पोटात तेल आणि इसबगोल सोडला.

मामा एकटेच परतले. देवऋषी गावात नव्हता. डॉक्टरांनी त्यांच्यापुढं बादली ठेवली. "पोटात कळ येते, म्हणून ती पोटाकडं बघते. रोज भुईवरच्या चाऱ्याबरोबर वाळू पोटात गेली."

"मंग सुलतान?" मामांनी विचारलं. "त्याला तर मी गव्हाणीतच द्यायचो. पळवून आणला की लगेच, पोटभर."

"घामेजलेल्या घोड्याला लगेच पोटभर दाणा?" डॉक्टर म्हणाल्या. "नक्की आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तसंही पोट बिघडतं."

मामा खाली बसले.

पहाटेपर्यंत मैनाच्या लिदीतून वाळू पडत राहिली. उजाडलं तेव्हा ती शांत उभी होती. "ही पोरं नसती, तर मला बोलवायला उशीर झाला असता," डॉक्टर जाताना म्हणाल्या. मामांनी यंदाच्या शर्यतीतून मैनाचं नाव काढलं.

मग त्यांनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही तिच्याजवळ गेलात, पोरांनो," ते म्हणाले. "इतके दिवस मी फक्त लांबून भीत होतो."