सहाव्या फेरीचं ओझं

बंबवाल्यांनी पन्नाशीत धावायला सुरुवात केली ती काही हौसेने नाही. चोवीस वर्षं ते आगीच्या बंबावर होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना बंबवालेच म्हणायची. आता वरून नवा नियम आला होता: तीन किलोमीटर सोळा मिनिटांत धावा, नाहीतर बंबावरून उतरा आणि फोनच्या टेबलावर बसा. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने धुरात शिरून माणसं बाहेर काढली, त्याने "हॅलो, पत्ता सांगा" म्हणत दिवस काढायचे? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते म्हणत. बायको म्हणे, "मरायच्या आधी तेवढं पोट कमी करा."

लेकीने वाढदिवसाला त्यांना सेन्सर आणून दिला. शर्टाच्या बटणाएवढी वस्तू. बुटाच्या नाडीत अडकवली की पावलं किती, वेग किती, टाच किती जोराने आपटली, सगळं फोनवर उमटायचं.

"म्हणजे आता बूटसुद्धा चुगल्या करणार?"

"करणारच. अर्धा वेळ चालतोस आणि धावलो म्हणून सांगतोस, बाबा."

अग्निशमन दलाच्या मैदानाला सहा फेऱ्या मारल्या की तीन किलोमीटर. पलीकडच्या वळणावर सरावाचं घर होतं. दोन मजली, खिडक्यांना तावदानं नाहीत, भिंती आतून बाहेरून काळ्या. दर आठवड्याला दलाचीच माणसं त्याला आग लावायची आणि दलाचीच माणसं विझवायची. त्या घरात कधी कुणी राहिलं नव्हतं, की मेलं नव्हतं. भुतांनाही भाडेकरू मिळणार नाही असं घर, अशी थट्टा चालायची.

पहिल्या दिवशी पहाटे दाट धुकं होतं. बंबवाले धापा टाकत वळणावर आले. ओला कोळसा, गार हवा आणि स्वतःचाच श्वास. धूर समोर असला की जोडीदाराला विचारायची त्यांची जुनी सवय. धुकं बघून तोंडातून आपसूक निघून गेलं, "मागे आहेस ना?"

मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. हसणं थांबलं तेव्हा मागे पावलं वाजत होती.

त्यांनी वळून पाहिलं. धुकं... बस. धावायला लागले की पुन्हा पावलं, अर्ध्या पावलाच्या अंतराने. बंबवाले असे सुटले की बायकोने पाहिलं असतं तर दृष्ट काढली असती.

घरी लेक फोन बघत बसली. "बाबा, वळणापासून पुढे पावलं दुप्पट मोजलीत याने. सेन्सर एकच आहे ना?"

"नवीन आहे, उत्साह जास्त असेल," बंबवाले म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं. भीती वाटली नाही असं कसं म्हणू? तरी मागे जोडीदार असला की पाय आपोआप उचलतो, हे चोवीस वर्षांचं शिक्षण. साडेसतरा मिनिटांवरून ते सव्वासोळावर आले. बायकोने पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं.

चाचणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. साहेब हातात घड्याळ घेऊन उभे, पोरंटोरं भिंतीवर, बायको आणि लेक झाडाखाली. पाच फेऱ्या झकास झाल्या. मागची पावलं बरोबर होती, उन्हातसुद्धा. सहाव्या फेरीत, वळणाच्या जरा पुढे, ती अडखळली. एक पाऊल... घसटल्याचा आवाज... मग काहीच नाही.

साहेब ओरडले, "चला, बंबवाले! एक मिनिट!"

बंबवाल्यांना नोकरी दिसत होती, फोनचं टेबल दिसत होतं. आणि जोडीदाराला मागे टाकून बाहेर पडणं त्यांना येतच नव्हतं. ते चार पावलं मागे फिरले, वाकले, रिकामी हवा खांद्यावर घेतली आणि धावत सुटले.

"नाडी बांधली वाटतं," भिंतीवरचं कुणीतरी म्हणालं.

पंधरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद! टाळ्या, शिट्ट्या, साहेबांची पाठीवर थाप. बायकोने चारचौघांत डोळे पुसले. "राहिलात बाई बंबावर," ती म्हणाली, "आता निदान घरात तरी शांतता राहील."

घरी जाताना मात्र जिन्यावर बंबवाल्यांचे गुडघे वाकायला लागले. लेक मागून फोन बघत येत होती. तिचा आवाज खाली गेला. "बाबा... टाचेचा जोर दुप्पट दाखवतोय. सहाव्या फेरीपासून. अजूनही... प्रत्येक पायरीला."

बंबवाले घरात शिरले, बायको चहा टाकायला गेली, तसे ते सोफ्यापाशी गुडघ्यावर बसले आणि खांद्यावरचं ओझं हळूच खाली उतरवलं, बाहेर काढलेल्या माणसाला उतरवतात तसं. सोफ्याची गादी दबली. दबलेलीच राहिली.

खांदा हलका झाला. त्यांनी बूट काढून दाराशी ठेवले, घाम पुसला, आणि कुणालाही बाहेर काढल्यावर दलातला माणूस पहिला प्रश्न जो विचारतो, तोच त्यांनी सवयीने विचारला.

"आत अजून कुणी आहे का?"

बूट दाराशी जागच्या जागी होते. लेकीच्या हातातला फोन बारीक वाजला. तिने पाहिलं. पावलं: एक. मग दोन. मग, जरा विचार केल्यासारखं, तीन... चार... पाच... सहा... सात.

मग आकडा थांबला. "त्या घरात अजून सात जण," बंबवाले म्हणाले.

बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बंबवाले दाराशी बसून पुन्हा बूट चढवत होते.

"अहो, आता कुठे निघालात? पास झालात ना?"

"म्हणूनच जातोय," ते म्हणाले, आणि नाडी घट्ट ओढली.