डाव्या सीटखालचा पत्रा

माझी चप्पल गाडीतून खाली पडली तेव्हा गाडीची चारही दारं बंद होती.

श्रावण सरत आला होता. अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेच्या पुलाखाली, पाणी साचलेलं. बाबांची जुनी गाडी मी त्यातून हळूहळू काढत होते. पायाखालच्या पत्र्याला गंजून भोक पडलेलं, त्यावर मी पुठ्ठा टाकून ठेवला होता. पुठ्ठा भिजून फाटला आणि रबरी चप्पल गेली तरंगत.

"बेन, आ तमारी छे?" चढावर एक स्कूटरवाला खिडकीशी आला. त्याच्या हातात माझी चप्पल.

"अगंबाई," माझ्या तोंडून निघालं.

"मराठी होय? मग मी उगाच गुजराती झाडतोय. पण पडली कुठून? दार तर उघडलंच नाही तुम्ही."

"खालून..."

तो वाकला, गाडीखाली बघितलं आणि इतका मोकळा हसला की मला राग यायला हवा होता. आला नाही.

"हसू नका. तुमच्या स्कूटरला काय लावलंय ते दिसतंय मला." पाय ठेवायच्या जागी चक्क स्टीलची ताटली स्क्रूने बसवली होती.

"आईची आहे. ती अजून शोधतेय."

त्याचं नाव अनीश. राहायला आमच्याच तरसालीत, नोकरी वाघोडियाच्या एका कारखान्यात, तीही हिशेबाची. पत्र्याचं काम तो मोबाइलवर बघून शिकला होता, म्हणजे त्याला येत नव्हतं. तरी "रविवारी येतो, करून देतो" म्हणाला आणि मी हो म्हटलं.

गाडी टिकणं फार गरजेचं होतं. बाबा जाऊन वर्ष होत आलेलं. आईचे गुडघे धरलेले, रिक्षात चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण या गाडीच्या डाव्या सीटवर ती अलगद बसायची, बाबा शेजारी असल्यासारखी. दिवाळीआधी गाडीची सरकारी तपासणी होती. नापास झाली की भंगारात. "तेवढी पास करून आण गं नीरजा," आई म्हणायची, "मग मी काही मागत नाही."

म्हणून आमचे रविवार सुरू झाले. सिंगतेलाचा रिकामा डबा कापून ठिगळ, त्यावर पुट्टी, पुट्टीवर काळा रंग. डब्यावर छापलेल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्या पायाखाली आल्या.

"आधी गंज खरवडून काढायचा असतो ना?" मी विचारलं.

"असतो. पण खरवडायला घेतलं तर गाडीच शिल्लक राहायची नाही." मग माझ्याकडे बघत, "गालाला पुट्टी लागलीय तुमच्या."

"मग पुसा."

"माझे हात भरलेत हो..."

"मग राहू दे," मी म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत गाल तसाच ठेवला.

तिसऱ्या रविवारी तो डाव्या बाजूला गाडीखाली बराच वेळ होता. बाहेर आला. वर्तमानपत्र मागितलं, फाडण्याआधी माझी रास वाचली. "कन्या... प्रवास सुखाचा." पुन्हा खाली गेला. चहा पिताना एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, काहीतरी बोलायचा धीर गोळा करतोय. मी वेडी, दोन दिवस हवेत होते.

गुरुवारी आईला डॉक्टरकडे नेत होते. मकरपुऱ्याकडे एक खड्डा आला आणि डावी सीट कर्रकर्र करत खाली बसली. आईचा पाय फाटलेल्या पत्र्यात अडकला. ती ओरडली नाही, फक्त माझा दंड धरून "थांब, थांब" म्हणत राहिली. घोट्याला टाके पडले. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा सीटखालच्या पोकळ लोखंडातून कागदाचे बोळे लोंबत होते, काळ्या रंगात माखलेले. राशिभविष्याचं पान मी ओळखलं.

संध्याकाळी बातमी कळताच अनीश धावत आला. मी त्याला दारातच अडवलं.

"तुला माहीत होतं."

"हो. तिथं लोखंड नव्हतंच. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला."

"आणि तू कागद कोंबलास."

"सांगितलं असतं तर गाडी त्याच दिवशी भंगारात गेली असती. मग रविवारी मी कशाला आलो असतो? तुम्ही मला आवडता, नीरजा. वाटलं, अजून दोन रविवार मिळाले तर बोलेन..."

ज्या वाक्याची मी वाट बघत होते ते असं आलं, आत आई पाय उशीवर ठेवून कण्हत असताना.

"त्या सीटवर माझी आई बसते, अनीश."

मी दार लावलं आणि दाराला टेकून रडले. राग होताच, पण अनीश अजूनही मला हवा होता, याचाच जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याचा ट्रक आला. आई खिडकीत बसून बघत होती. "तुझे बाबाही मला न सांगता पुट्ट्या फासायचे," ती म्हणाली.

"मग तू काय करायचीस?"

"भांडायचे. नाहीतर काय." डोळे पुसून तिने फाटकाकडे बोट दाखवलं. "तो बघ, मघापासून उभा आहे. पाणी तरी विचार."

अनीशच्या हातात एक बुटकं लाकडी स्टूल होतं. आईला रिक्षात चढायला, त्याने स्वतः केलेलं. मी हात पुढे केला, तर त्याने ते मागे घेतलं.

"आधी ऐका. हे डुगडुगतं. एक पाय आखूड झालाय माझ्याकडून. आईंना यावर चढू देऊ नका, मोडेल."

ट्रक कोपऱ्यावर वळला. डावं दार दोरीने बांधलेलं होतं, ते हलत होतं.

"दे इकडे. सुताराकडून नीट करून घेते."

त्याचं तोंड उतरलं. "मग... मी येऊ नको?"

"रविवारी ये. पण रिकाम्या हाताने ये, काही दुरुस्त करायला नको."

"मग कशासाठी?"

"त्या दिवशी दारात म्हणालास ना," मी म्हटलं, "त्याच्यासाठी."