उजेडाच्या वायरीतून

दुकानदारानं केबल काउंटरवर ठेवली आणि दोन हात एकदमच पुढे आले. एक माझा... आणि दुसरा एका उंच, सावळ्या माणसाचा.

“ऑप्टिकल केबल ही एकच उरलीय,” दुकानदार म्हणाला. “आता तुमचं तुम्ही बघा.”

मी वर पाहिलं. तो हसला, आणि डाव्या गालावर खळी पडली. झालं! मी कशाला आले होते तेच मला आठवेना.

“तुम्हाला कशासाठी हवीय?” त्यानं विचारलं.

“सिंथेसायझरचा आवाज थेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायचाय. डिजिटल!” शेवटचा शब्द मी जरा तोऱ्यातच म्हटला.

“अरे वा. चाली बांधता?”

तो रेकॉर्डिंगवाला निघाला. मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करायचा, आणि त्याच्या गोगलगाईच्या गोष्टीला चाल मिळत नव्हती.

“मग असं करू,” तो म्हणाला. “केबल तुमची, चाल माझी. आवडली तर पुढच्या सगळ्या गोष्टी तुमच्याकडेच. फक्त आवाज स्वच्छ हवा हं, मागे कुजबुज नको.”

“कुजबुज येईलच कुठून? या केबलीत आवाज उजेडातून जातो!”

“जोडायला येऊ मदतीला?”

“हॅ! मला येतं की सगळं.”

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या खळीसमोर तसं सांगायचं कसं? आजवर माझी चाल घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. हे काम मला हवंच होतं... आणि काम देणाराही. एकमेकांचे नंबर-पत्ते घेऊन आम्ही निघालो.

घरी आले तर केबल सिंथेसायझरमध्ये जाईचना. ढकलली, फिरवली, दात-ओठ खाल्ले. शेवटी ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

“अगं ए शहाणे, टोपी काढ ना तिची!”

टोकावर प्लॅस्टिकची इवलीशी पारदर्शक टोपी होती. ती काढल्यावर केबल खटकन बसली, आणि दुसऱ्या टोकाला लाल उजेड चमकला. ते टोक कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलं. गोगलगाईला शोभेल अशी माझी एक जुनी चाल आधीच सिंथेसायझरच्या पोटात साठवलेली होती. बटण दाबलं की तो आपला आपण वाजवायचा, आणि शेजारच्या छोट्या स्पीकरमधून मला ऐकू यायची. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. स्क्रीनवर हिरव्या लाटा उसळल्या. जमलं की!

“भांडी थांबवू का गं?” ताईनं हळूच विचारलं.

“आपट हवी तेवढी! खोलीतलं काही आत जात नाही.”

मग काय, तिनं भांडी आपटली आणि मी बडबड सुरू केली. चाल संपल्याबरोबर ती मी त्याला पाठवूनही दिली. लाटा दिसल्या होत्या ना, मग ऐकायचं काय राहिलं?

थोड्या वेळानं त्याचा निरोप आला. “चाल फार गोड आहे. भांडी जरा जास्त वाजतायत. आणि... बाकीचंही ऐकू आलं.”

बाकीचं? मी ती फाइल लावली.

ठण्ण! आधी पातेलं. मग दूर कुठेतरी माझी चाल, आणि तिच्या डोक्यावर बसलेला माझाच खणखणीत आवाज. “ताई, त्याला मी थाप मारली गं, सगळं येतं म्हणून. मला कप्पाळ येतंय!”

ठण्ण.

“आणि गालाला अशी खळी पडते ना, वाटतं बोट लावून बघावं. शर्टाची एक गुंडी मात्र भलत्याच रंगाची होती. कुणी शिवून देणारं नाही वाटतं. मी देईन बाई!”

“बघ हं, गुंडी शिवता शिवता संसार थाटशील!”

“थाटीन की! त्यानं विचारू तर दे!”

कॉम्प्युटरला मी सांगितलंच नव्हतं की आता केबलकडून ऐक. तो बापडा नेहमीसारखा स्क्रीनवरच्या कॅमेऱ्याच्या माइकमधून ऐकत बसला होता. लाटा आमच्याच होत्या. भांड्यांच्या, आणि माझ्या निर्लज्ज तोंडाच्या!

कान तापले, मान तापली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. काम गेलं तर गेलं, पण पुन्हा त्याला तोंड कसं दाखवू? मी उशीत डोकं खुपसलं आणि खरंच रडले. ताई हसता हसता थांबली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तोच! मी केबल गुंडाळून त्याच्यापुढे धरली.

“घ्या. माफ करा. मला काही येत नाही.” माझी नजर त्याच्या चपलांवरून वर जाईना.

“चाल बांधता येते ना? जोडायला मी शिकवतो. आत येऊ?”

मी दारातून बाजूला झाले. तो कॉम्प्युटरपाशी बसला आणि केबल पुन्हा जोडून माइकच्या जागी केबल निवडली. चाल स्वच्छ आली, पण मधूनच टिक्... टिक् होत होतं.

“हे काय आता?” मी पुटपुटले.

“दोघांच्या आतली घड्याळं वेगळी आहेत. दोघंही आपापल्या तालात चाललेत. एकानं दुसऱ्याचं ऐकलं की झालं.”

“कोणी कोणाचं?”

“इथे तरी कॉम्प्युटरनं सिंथेसायझरचं.” त्यानं काहीतरी बदललं. टिकटिक थांबली आणि माझी गोगलगाय कशी सुरेख चालू लागली.

चाल संपली. मग तो मानेमागे हात नेत म्हणाला, “थाप मीही मारली. मला काल केबल नको होती. बल्ब घ्यायला आलो होतो. तुम्ही हात पुढे केलात, म्हणून... मीही केला.”

मी चटकन वर पाहिलं. कानापर्यंत लाल झाला होता बिचारा! शर्टाची ती भलत्या रंगाची गुंडी अजून तशीच होती.

“ती कालची फाइल,” तो खिशातून फोन काढत हळू आवाजात म्हणाला, “तुमच्यासमोर पुसून टाकतो. मग तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. कामाचा त्याच्याशी संबंध नाही, ते तुमचंच. पुसू?”

सुटले! हेच तर हवं होतं मला. त्याचं बोट बटणावर गेलं. खळी कुठल्या कुठे गेली होती.

“थांब!” मी ओरडलेच. “म्हणजे... थांबा. सगळं नको.”

“मग?”

मी त्या गुंडीकडे बघितलं. मग म्हटलं, “भांडी तेवढी पुसा. बाकीचं... राहू दे.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग ती खळी हळूहळू परत आली.

“भांडी पुसतो,” तो म्हणाला. “तू म्हणशील तर रोज पुसेन.”

स्वयंपाकघरात पातेलं दणकन आपटलं.

“ऐकलं हं मी!” ताई आतून ओरडली. “आता शब्द फिरवायचा नाही!”