आबांचं आजोळ

"हा चौकोन रिकामा का?" प्राचीने विचारलं.

बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये हेमंतकाकांनी फरशीवर कंधारकर घराण्याची वंशावळ पसरली होती. रविवारी सगळे नातेवाईक जमणार होते. त्याआधी, शुक्रवारी, हा तक्ता छापायला जायचा होता. आज बुधवार. चौकोनात फक्त 'पद्मावतीबाई' एवढं नाव होतं आणि त्याखाली 'माहेर : अज्ञात'.

"आबांची आई," काका म्हणाले. "पद्मावती हे सासरी ठेवलेलं नाव. माहेरचं कुणालाच ठाऊक नाही. आता कोण शोधणार?"

आबा म्हणजे प्राचीचे आजोबा, हणमंतराव. वय एकोणऐंशी. ते चष्मा पुसत म्हणाले, "मी तीन वर्षांचा असताना ती गेली, पाठोपाठ वडीलही गेले. गुलबर्ग्याच्या आत्याने मला वाढवलं. सुट्टी लागली की वर्गातली सगळी पोरं आजोळी जायची. मला आजोळच नव्हतं. राहू दे, हेमंता. अज्ञातच लिही."

ते उठून आत गेले. चहा तसाच राहिला.

प्राची त्यांच्या मागोमाग गेली. ती तेरा वर्षांची होती आणि एखादी गोष्ट मनात घेतली की सोडत नसे. "आबा, तुमच्या आत्या काहीच सांगायच्या नाहीत?"

"एवढंच, की तुझी आई शिकलेली होती. गौलीगुड्याच्या सुबोध कन्या शाळेत जायची. तेराशे बावन्न फसलीत लग्न झालं आणि शाळा सुटली."

"फसली म्हणजे?" तिचा अकरा वर्षांचा भाऊ केदार दारातून डोकावला.

"निजामाच्या राज्यातलं साल. त्यात पाचशे नव्वद मिळव."

"एकोणीसशे बेचाळीस," केदारने हिशेब केला.

प्राची म्हणाली, "शाळेत गेली म्हणजे रजिस्टरात नाव असणार. चल, रेणूला बोलावू."

रेणू खालच्या मजल्यावर राहायची. घरात तेलुगू बोलायची, पण या दोघांमुळे तिला मराठीही येत होतं. तिघं उन्हातून बसने गौलीगुड्याला पोचले.

शाळा कधीच बंद पडली होती. इमारत उभी होती आणि खालच्या खोलीत शिक्षणसंस्थेचे सचिव विकासराव पंख्याखाली बसले होते.

"जुनी रजिस्टरं?" त्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "वाळवीने खाल्ली सगळी. वरच्या कपाटात काही उरलं नाही. सुट्टी आहे ना? खेळा जाऊन."

"कपाट तरी बघू का, काका?"

"बघा. काय दिसणार?"

वरची खोली लख्ख झाडलेली होती. कपाट रिकामं. केदारने त्यात हात फिरवला. "ताई, आपल्या दाराला वाळवी लागली होती तेव्हा मातीच्या रेघाच रेघा होत्या. इथे एकही नाही. लाकूडपण टणक आहे."

"आणि वाळवी फरशी झाडून जात नाही," प्राची म्हणाली.

जिन्यावर राखणदाराची बायको भाग्यलक्ष्मी गहू निवडत बसली होती. रेणू तिच्याजवळ बसून तेलुगूत बोलू लागली. परत आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते.

"दोन दिवसांखाली चार पोती नेली म्हणे. खोली कोचिंग क्लासला द्यायची आहे. मागच्या गल्लीत खाजाभाईंचं रद्दीचं दुकान आहे, तिकडे गेली."

तिघं धावतच गल्लीत शिरले. खाजाभाईंच्या दुकानात छतापर्यंत कागद होते. कोपऱ्यात चार पोती होती आणि एकातून लाल कापडी पुठ्ठा डोकावत होता.

"ते रजिस्टर आम्हाला हवंय," प्राची एका दमात म्हणाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

खाजाभाईंनी दाढी खाजवली. "देखो बेटा, इसपर सरकारी मोहर है. वो देखकेच मैं भी सोच में पड़ा था. बिना चिठ्ठी के बच्चों को कैसा देऊं? कल को स्कूलवाले आके पूछे तो? और कल चार बजे कागज़ की लॉरी आती. मेरे को वजन पूरा होना."

"चिठ्ठी आणली आणि वजनाला वजन दिलं तर?"

"कायका वजन?"

"पेपरचं. जुने पेपर."

खाजाभाई हसले. पोती काट्यावर चढली. "अड़तीस किलो. लाओ फिर."

परतताना बसमध्ये केदार कुरकुरला, "चिठ्ठी कशी मिळणार? रद्दीत टाकली असं ते सचिव लिहून देतील होय?"

"नाही देणार," प्राची म्हणाली. "पण ते जे आपल्याला बोलले, ते लिहून द्यायला काय हरकत आहे त्यांना?"

गुरुवारी सकाळी दहाला ती पुन्हा विकासरावांसमोर उभी राहिली.

"काका, आमच्या घरचे म्हणतात की तुम्ही नीट शोधलंच नाही. उद्या ते स्वतः येणार आहेत. तुम्ही लिहून दिलंत तर त्यांचा हेलपाटा वाचेल."

आणखी लोक येणार हे ऐकून विकासराव वैतागले. "आण कागद. काय लिहू?"

"शाळेची जुनी रजिस्टरं संस्थेकडे नाहीत."

"हं."

"आणि बाहेर कुणाकडे सापडली, तर संस्थेची हरकत नाही. म्हणजे पुन्हा कुणी तुम्हाला त्रास देणार नाही."

"सापडताहेत कसली," असं पुटपुटत त्यांनी तेही लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. प्राचीने कागद घडी करून खिशात ठेवला.

आता अडतीस किलो. बरकतपुऱ्यात दारोदार बेल वाजू लागली. तेलुगू घरांत रेणू बोलायची, मराठी घरांत केदार. "आमच्या पणजीचं नाव पोत्यात अडकलंय," असं तो सांगायचा आणि लोक आधी हसायचे, मग माळ्यावरचे गठ्ठे काढायचे. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याने दोन वर्षांचे पेपर दिले. समोरच्या वकिलांनी जुनी मासिकं दिली आणि विचारलं, "माझी आईपण त्याच शाळेत होती. तिचं नाव सापडलं तर सांगाल?"

रेणूचे वडील ऑटो चालवत. त्यांनी जेवण अर्धं टाकून गठ्ठे ऑटोत भरले. चौकातली गर्दी, सिग्नल, त्यात टायरमधली हवा कमी झालेली. पावणेचारला ते गल्लीत वळले तेव्हा लॉरी लागलेली होती आणि एक हमाल पहिलं पोतं खांद्यावर घेत होता.

"थांबा!" प्राची ओरडली.

खाजाभाईंनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. शिक्का पाहून मान हलवली. पेपर काट्यावर चढले. काटा छत्तीसवर थांबला.

केदारने पाठीवरची शाळेची बॅग उघडली आणि मागच्या इयत्तेच्या सगळ्या वह्या काट्यावर ठेवल्या. अडतीस किलो दोनशे.

"हौ," खाजाभाई म्हणाले. "उतारो पोतियां."

रजिस्टरं उघडली तेव्हा मुलांचे चेहरे पडले. पानंच्या पानं उर्दूत होती.

"इत्ते में हिम्मत हार गए?" खाजाभाईंनी चष्मा लावला. "मेरे को आती ना उर्दू. साल बोलो."

"तेराशे बावन्न फसली."

त्यांचं बोट ओळींवरून सरकू लागलं. त्या वर्षी शादीमुळे शाळा सोडलेल्या मुली सहा होत्या. दाखला नेणाऱ्याचं नाव ते एकेक वाचत गेले. पाचव्या ओळीवर थांबले. "दाखला लेने वाले, नारायणराव कंधारकर. ससुर."

"आबांचे आजोबा! तक्त्यात आहेत ते," प्राची म्हणाली. "मुलीचं नाव काय?"

"चंपा. वालिद, यानी बाप, गोविंदराव मुखेडकर. पता, इसामिया बाज़ार."

ओळीच्या शेवटी सहीची जागा होती. तिथे उर्दू नव्हतं. शाळेत मराठी नसलेल्या प्राचीने एकेक अक्षर जुळवत ते स्वतः वाचलं. "चं-पा-गो-विं-द."

इसामिया बाजार म्हणजे तिथून दहा मिनिटांची वाट. हेमंतकाकांना फोन गेला, त्यांनी कोठी भागातल्या दोन मराठी दुकानदारांना विचारलं आणि अर्ध्या तासात मिलिंद मुखेडकर नावाच्या गृहस्थांचा नंबर मिळाला. फोनवर ते म्हणाले, "चंपाआत्या? आमच्या सुशीलाआत्या रोज नाव काढतात तिचं."

शुक्रवारी सकाळी आबा इस्त्रीचा सदरा घालून इसामिया बाजारात गेले. हेमंतकाका तिघा मुलांना घेऊन मागे चालत होते. रजिस्टर प्राचीच्या हातात होतं. आबांनी रात्री त्या सहीवर बोट ठेवलं होतं आणि बराच वेळ उचललं नव्हतं.

दारात काठी टेकून सुशीलाबाई उभ्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, चंपाच्या थोरल्या भावाची मुलगी.

"चंपाआत्या गेली आणि तुला गुलबर्ग्याला नेलं. आमच्या वडिलांनी पत्रं घातली, एकाचंही उत्तर आलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आबांच्या गालावरून हात फिरवला. आबांना अरेतुरे करणारं आता कुणी उरलं नव्हतं. "हणम्या, किती उशीर केलास रे. ये आत."

आबांनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

आत सगळे बसल्यावर हेमंतकाकांनी तक्ता उघडला आणि पेन प्राचीला दिलं. "मी तर हात टेकले होते. तुम्ही तिघांनी दोन दिवसांत करून दाखवलंत. तूच लिही."

"बाकीच्या रजिस्टरांचं काय?" मिलिंदकाकांनी विचारलं.

"खाजाभाईंनी वेगळी बांधून ठेवलीत. समोरच्या वकिलांच्या आईचं नाव आधी शोधायचंय," प्राची म्हणाली.

सुशीलाबाई सावरून बसल्या. "मला येते उर्दू. निजामाच्या राज्यातच शिकायला सुरुवात केली मी. सोमवारी रजिस्टरं इथे घेऊन या."