विरजण कुणी मारलं?

चंद्रावरच्या शीतलवाडी वसाहतीत त्या दिवशी कुणालाच दही मिळालं नाही. भुकटीच्या दुधाला विरजण लावलं होतं, पण दूध तसंच राहिलं. विरजणाच्या खोलीत मदत करणाऱ्या बारा वर्षांच्या शलाकाने विरजणाची बशी उजेडात धरली. आदल्या दिवशी गढूळ दिसणारा द्रव आता नितळ झाला होता. त्यातले कोट्यवधी जिवाणू फुटून मेले होते.

शलाकाची विदुलाआत्या वसाहतीची जीवशास्त्रज्ञ होती. हे काम जिवाणुभक्षकाचं (जिवाणूत शिरून त्याला फोडणाऱ्या विषाणूचं) आहे, असं तिने तपासून सांगितलं. पण वसाहतीत हवा, पाणी, कपडे, सगळं निर्जंतुक करूनच आत घेत. मग हा विषाणू आला कुठून?

शलाकाचा संशय एकाच व्यक्तीवर होता. दमयंती खरात ही नवी तंत्रज्ञ आठच दिवसांपूर्वी पृथ्वीवरून आली होती आणि कुणाशी फारसं बोलत नसे. आदल्या दुपारी सगळे जेवायला बसले असताना ती विरजणाच्या खोलीतून घाईघाईने बाहेर पडली होती. काय करत होतात, असं शलाकाने विचारलं, तर "काही नाही" म्हणून निघून गेली. आता तर तिचं वारंवार हात धुणंही शलाकाला खटकू लागलं. शेवटी तिने वसाहतप्रमुख पाध्येकाकांच्या कानावर सगळं घातलं. बशीला हात लावला होता का, या त्यांच्या प्रश्नाला दमयंती हो म्हणाली आणि पुढे गप्पच राहिली. शुक्रवारच्या यानाने तिला परत पाठवायचं ठरलं.

आत्याचं मात्र समाधान झालं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी वसाहत सुरू झाली तेव्हा याच विरजणाची एक कुपी शीतपेटीत मोहोरबंद करून ठेवली होती. आत्याने त्यातल्या जिवाणूंचा डीएनए (सजीवाची माहिती साठवणारा लांब धागा) यंत्राकडून वाचून घेतला आणि शलाकाला बोलावलं. विषाणूचा अख्खा डीएनए जिवाणूच्या डीएनएतच बसलेला होता.

"म्हणजे दमयंतीमावशी यायच्या आधीपासून?"

"पाच वर्षांपासून तरी," आत्या म्हणाली.

शलाकाला ते पटेना. शत्रू घरात असताना जिवाणू इतकी वर्षं जगले कसे? आत्याने मण्यांच्या दोन माळा काढल्या. मोठी माळ जिवाणूच्या डीएनएची, छोटी विषाणूच्या. दोन्हींत एकेका ठिकाणी लाल आणि निळा मणी शेजारी शेजारी होते. ती त्यांची खुणेची जागा. विषाणूकडे इंटिग्रेज नावाचं विकर (पेशीतली कामं घडवून आणणारं प्रथिन) असतं. ते इतर कुठेही हात लावत नाही, दोन्ही खुणा शोधून बरोबर तिथेच कापतं.

आत्याने तिथे दोन्ही माळा कापल्या. मग मोठ्या माळेचं लाल टोक छोटीच्या निळ्या टोकाला बांधलं, आणि छोटीचं लाल टोक मोठीच्या निळ्याला. दोन माळांची एकच मोठी माळ झाली, एकही मणी न गळता. असा विषाणू तिथे निपचित पडून राहतो आणि जिवाणू दुभंगला की त्याचीही नक्कल होते.

"मग तो पुन्हा बाहेर कसा पडतो?"

त्यासाठी इंटिग्रेजला आणखी एका मदतनीस प्रथिनाची गरज लागते, आत्याने समजावलं. जिवाणूच्या डीएनएला मोठी इजा झाली की ते तयार होतं. मग त्याच जोडांवर कापून विषाणू सुटा होतो, शेकडो नकला करतो आणि जिवाणूला फोडतो. अशी इजा अतिनील प्रकाशाने (जंतू मारणाऱ्या अदृश्य किरणांनी) होऊ शकते.

शलाकाला ती दुपार आठवली. मेज निर्जंतुक करायला अतिनील दिवा तिनेच लावला होता. जेवणाची घंटा झाली तशी ती दिवा तसाच ठेवून पळाली होती, आणि विरजणाची बशी जवळच उघडी होती.

ती तडक पाध्येकाकांकडे गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. त्यांनी दमयंतीला बोलावून घेतलं.

"दिवा मीच बंद केला आणि बशी झाकली," दमयंती म्हणाली. "दिव्याने विरजण जाईल हे मला ठाऊक नव्हतं. पण तो कुणी विसरला ते सांगितलं असतं, तर या मुलीला खोलीत येऊ दिलं नसतं. इथे तिच्याएवढा जीव लावून काम करणारं कुणी मी पाहिलं नाही."

शलाकाला तिच्याकडे बघवेना. तिने खालमानेने माफी मागितली. परत पाठवण्याचा हुकूम पाध्येकाकांनी तिथेच रद्द केला.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी शीतपेटीतल्या बाकीच्या विरजणांच्या कुप्या तपासायला बसल्या. खुणेची जागा रिकामी असलेले, म्हणजे आत विषाणू न लपलेले जिवाणू त्यांना नव्या विरजणासाठी शोधायचे होते. काम करता करता दमयंतीने सांगितलं, की पृथ्वीवर तिची बहीण असलीच विकरं वापरून आजारी मुलांच्या पेशींत हरवलेलं जनुक (डीएनएतला एका कामाचा मजकूर) नेमक्या जागी बसवायचा प्रयत्न करते आहे. अजून बरंच काम बाकी आहे.

"त्यांना मदतनीस लागतील का?" शलाकाने विचारलं.

"लागतील," दमयंती म्हणाली आणि पुढची कुपी तिच्या हातात दिली.