नवी विंडो उघडल्यावर

तो आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या. दार त्याने पाठीने उघडं धरलं आणि म्हणाला, "आधी तुम्ही. सांडलं तर माझ्यावर यायचं."

"सांडणार नाही," मी म्हणाले. सांडलंही नाही.

आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा लहान. तिथल्या तिन्ही कॉम्प्युटरांवर एक नवं टूल बसवायला मुख्य ऑफिसने त्याला पाठवलं होतं. त्या टूलला ना बटण, ना चित्र. काळ्या विंडोत एक ओळ टाइप करायची, की नमुन्यांचा अहवाल तयार. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, त्यांचा मॅक, मागच्या खोलीत यंत्राला जोडलेलं लिनक्स आणि माझं विंडोज. सगळं झालं की लगेच पुढच्या गावी जायचंय, हे त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं.

मॅकवर एका ओळीत काम झालं. लिनक्सने पासवर्ड मागितला, जरा कुरकुर केली, पण ऐकलं. मग तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"टाइप तुम्ही करा. मी नुसतं सांगतो."

इन्स्टॉल पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर आलं. मी कमांड दिली. उत्तर आलं — अशी कमांड ओळखीची नाही.

"अहो, आत्ताच तर बसवलं!"

"बसलंय हो. ओळख पटायला वेळ लागतो," तो स्क्रीनकडे न बघता म्हणाला.

"कॉम्प्युटरला?"

"…हो. कॉम्प्युटरलाच."

पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मधल्या वेळात तो विचारत राहिला — नुसत्या वासावरून पाणी ओळखता का, काम करताना काय गुणगुणता, दमत नाही का. मोठ्या बाई जाता जाता थबकल्या.

"काय गं, इन्स्टॉल चाललंय की गप्पा?"

"दोन्ही, बाई," तोच म्हणाला. मी मान खाली घातली. बोटं मात्र चुकायला लागली.

दुपारी तो जेवायला बाहेर गेला. डबा उघडण्याआधी मी ती काळी विंडो बंद केली. जेवताना समोर पसारा मला चालत नाही. जेवून नवी विंडो उघडली, कमांड दिली… आणि अहवाल सरसर उमटला.

मी बघत बसले. त्याच्यासमोर मुद्दाम एक अक्षर चुकवायचं, एवढंच. तो संध्याकाळपर्यंत इथेच राहिला असता, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण खोटं बोलून थांबवलेला माणूस आपल्यासाठी थांबला, असं मला कधी म्हणता आलं नसतं.

तो आला.

"चाललं," मी म्हणाले. "जुनी विंडो बंद करून नवी उघडली की चालतं."

त्याचा चेहरा उतरला. "हो," तो हळूच म्हणाला.

"हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून." त्याचे कान लाल झाले. "जुन्या विंडोला नव्या टूलचा पत्ताच नसतो. रोजचंच आहे हे माझं. सांगितलं असतं तर… जेवणाआधीच निघावं लागलं असतं."

"आणि मी सकाळभर तीच ओळ टाइप करतेय!"

"छान करता."

हसू आलं, ते मी आवरलं. "हे बरं नाही केलंत."

"नाही केलं. चुकलंच." तो बॅग भरायला लागला. केबलची गुंडाळी सारखी सुटत होती.

मी नेहमीच्याच आवाजात म्हणाले,

"आमच्या घरीही एक कॉम्प्युटर आहे. त्याला काही झालेलं नाही. काही बसवायचंही नाही."

"मग?"

"मग काही नाही. रविवारी आई-बाबा घरी असतात. मीही असते… या."